लेबल नसलेली वायर

वहिनी : पुन्हा तिथेच अडकलं ना?

धाकटा : तिथेच. शहात्तर टक्के. ‘हार्डवेअर शोधत आहे’ म्हणतं आणि बसकण मारतं.

वहिनी : चार वेळा झालं, भाऊजी. चारही वेळा तुम्ही ‘आता होईल’ म्हणालात.

धाकटा : पाचव्यांदा नाही म्हणत. वहिनी, हे लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारा मूळ प्रोग्रॅम, नव्या डिस्कवर बसताना आधी काय करतं, तर कॉम्प्युटरला काय काय जोडलंय ते एकेकाला विचारत जातं. कीबोर्ड आहे का? आहे. स्क्रीन आहे का? आहे. यातलं कोणीतरी एक उत्तर देत नाहीये, नाहीतर भलतंच काहीतरी देतंय. ते सापडलं की पुढचं काम अर्ध्या तासाचं.

वहिनी : अर्धा तास! परवा याची डिस्क गेली तेव्हापासून मी इथे उभी आहे. दोन उबवणी पेट्यांत साडेचार हजार अंडी, आज नववा दिवस. दर तासाला दांडा फिरवून ट्रे कलते करायचे, मधल्या वेळात हीटर चालू कर, बंद कर. हे सगळं हा कॉम्प्युटर करायचा. आत्ता दुपार आहे म्हणून निभतंय. संध्याकाळचा गारवा उतरला की हाताने सांभाळणं माझ्या बापालाही जमायचं नाही.

धाकटा : माझी बस सहाची आहे. त्याच्या आत...

वहिनी : हो, बस. बस बरी लक्षात राहते तुमच्या.

आई : अगं, पोरगा पाच तासांचा प्रवास करून आलाय. घोटभर चहा तरी पोटात जाऊ दे त्याच्या, मग बोल.

वहिनी : मी बोलतच नाहीये आई. बोलायचं म्हटलं तर बारा वर्षांचं बोलावं लागेल, आणि अंडी तोवर थांबायची नाहीत.

धाकटा : जरा टॉर्च धरा, मागच्या बाजूला. जे जे जोडलंय ते सगळं काढून टाकतो. मग बघू कोण आडवं येतंय ते.

वहिनी : काढा. पण परत लावताना कुठलं कुठे ते कळायला हवं. नाहीतर आगीतून फुफाट्यात.

धाकटा : दादाने चिठ्ठ्या चिकटवल्यात ना सगळ्या वायरींवर. वाचा.

वहिनी : थांबा. ‘प्रिंटर. कामचुकार.’

धाकटा : काढला.

वहिनी : ‘पहिली पेटी. हिला दुखवू नये.’ ‘दुसरी पेटी. हीसुद्धा तसलीच.’

धाकटा : दोन्ही काढल्या.

वहिनी : ‘ही कशाची ते विसरलो, पण काढली की सगळं बंद पडतं.’

धाकटा : ती करंटची. राहू दे.

वहिनी : हसताय काय?

धाकटा : अक्षर बघून. ‘र’ची शेपटी अजून तशीच लांबवतो.

वहिनी : लांबवायचे.

धाकटा : हो. लांबवायचा.

आई : आत कुणी हाक मारतंय का गं?

वहिनी : नाही हो आई. परवापासून यांचं हेच चाललंय. डोळ्याला दिसत नाही म्हणून कान जास्तच टवकारलेले. कधी म्हणतात टिकटिक होतेय, कधी म्हणतात कुणी हाक मारतंय.

आई : डोळ्यात मोतीबिंदू आहे, कानात नाही.

धाकटा : चालू करतो. आता यात मदरबोर्ड, डिस्क आणि कीबोर्ड, एवढंच राहिलंय. आवाजाचं कार्ड काढलं, नेटचं काढलं. आता अडायला काही जागाच नाही.

वहिनी : मी तोवर दांडा फिरवून येते. आई, हे बघा, वरच्या ट्रेमधलं अंडं. कसं आहे सांगा.

आई : आण इकडे. पापणीला लावू दे. ... चांगलं आहे. ऊन लागत नाही, गार लागत नाही. असं हवं, की डोळ्यावर काही ठेवलंय हेच कळू नये.

धाकटा : अजून पापणीवरच बघता?

आई : तुझ्या दादाने लाख काटे लावले, आकडे लावले. शेवटी मला आणून विचारायचाच. म्हणायचा, आई, काटा खोटं बोलेल, तुझी पापणी नाही बोलायची.

वहिनी : झालं का?

धाकटा : शहात्तर.

वहिनी : म्हणजे पुन्हा अडलं?

धाकटा : सगळं काढूनसुद्धा. हे होऊ शकत नाही. पेन ड्राइव्हच खराब म्हणावा, तर दुसरा लावून पाहिला मघाशी. रॅम बदलून पाहिली. थांबा. ही जी पट्टी दिसते ना, तिच्या मागे एक दुसरी स्क्रीन असते, काय काय केलं ते ओळीने लिहिलेलं. तिथे शेवटची ओळ बघतो.

वहिनी : मग हे आधी का नाही बघितलंत?

धाकटा : वाटलं, सोपं काहीतरी असेल.

वहिनी : तुमच्या घरात सोपं काही नसतं.

धाकटा : हे बघा. शेवटची ओळ. ‘तिसरं पोर्ट. उपकरण सापडलं. उत्तराची वाट पाहत आहे.’ आणि खाली पुन्हा तेच. पुन्हा तेच.

वहिनी : पोर्ट म्हणजे?

धाकटा : मागे वायर खोचायची जागा. जुन्या कॉम्प्युटरला असली तीन-चार असतात. पहिल्या दोनात तुमच्या पेट्या होत्या, त्या काढल्या. तिसऱ्यात काय आहे?

वहिनी : काही नाही.

धाकटा : वायर आहे वहिनी. करडी. हिच्यावर चिठ्ठी नाही. फरशीच्या खाली गेलीय. कुठे जाते ही?

वहिनी : तिला हात लावू नका.

धाकटा : कुठे जाते?

वहिनी : आतल्या खोलीत. खाटेच्या उशाशी.

धाकटा : ती डबी अजून आहे?

वहिनी : आहे. यांनी मला बजावून ठेवलं होतं, काहीही बदल, कॉम्प्युटर बदल, पेट्या बदल, ही वायर काढायची नाही. कशाची विचारलं तर सांगायचे नाहीत. नुसते म्हणायचे, चिठ्ठी लावायची गरज नाही, ज्याची आहे त्याला कळेल.

आई : कळली ना रे?

धाकटा : कळली. वहिनी, ही आम्हीच टाकलेली वायर. मी एकोणीस वर्षांचा होतो, तुमच्या लग्नाच्या आधी. तेव्हा पेट्या कुठल्या, एक लोखंडी कपाट होतं, इथेच, या खोलीत. त्यात बल्ब लावून सहाशे अंडी उबवायचो. रात्री पाळी असायची. एकाने कपाटापाशी बसायचं, दुसऱ्याने आत खाटेवर झोपायचं. झोपणाऱ्याला मधेच जाग आली की तो ओरडून विचारायचा, ‘जागा आहेस का?’ बसणारा म्हणायचा, ‘आहे.’ मग आतून आवाज यायचा, ‘मग मी झोपतो.’

आई : आणि तुमचा बाप उठून दोघांना शिव्या घालायचा.

धाकटा : म्हणून मी डब्या केल्या. एक आत, एक इथे. आतलं बटण दाबलं की इथे टिक् वाजायचं आणि छोट्या पट्टीवर अक्षरं यायची, ‘जागा का?’ इथून ‘आहे’ दाबायचं. बस्स. इथली डबी केव्हाच फुटली. तिच्या जागी दादाने वायर कॉम्प्युटरला लावलेली दिसतेय.

वहिनी : मग ती डबी अडवतेय हे सगळं?

धाकटा : तीच. लिनक्स विचारतंय, ‘तू कोण?’ डबी उत्तर द्यायचं सोडून उलट विचारतेय, ‘जागा का?’ दोघंही समोरच्याच्या उत्तराची वाट बघत बसलेत. आणि चूक माझी आहे. किती वेळ वाट बघून सोडून द्यायचं, हे मी तिला शिकवलंच नव्हतं. उत्तर येईपर्यंत ती थांबणार. कितीही दिवस.

वहिनी : भाऊजी, पण एक सांगू का?

धाकटा : काय?

वहिनी : त्या खोलीची वीज मी तोडलीय. हे गेले, त्याच्या चौथ्या दिवशी. तुम्ही परत गेलात ना, त्याच दिवशी. मेन बोर्डावरचा फ्यूजच काढून ठेवलाय.

धाकटा : सेल असतील डबीत. वीज गेली तरी चालावी म्हणून मी सेलची सोय केली होती.

वहिनी : सेल मी काढले. ते काय, समोरच्या घड्याळात आहेत.

धाकटा : ... नीट आठवतंय?

वहिनी : माझ्या हाताने काढले. दोन सेल. घड्याळ बंद पडलं होतं.

आई : म्हणून म्हणते, कुणी हाक मारतंय का बघा. तर म्हातारीला वेड्यात काढता.

धाकटा : थांबा. घाबरायचं काही नाही. वायरीत कधीकधी शेजारच्या वायरीचा करंट उतरतो, त्यामुळे काहीबाही अक्षरं येतात. खरंच काय येतंय ते बघू. पोर्टवर जे येतंय ते तसंच स्क्रीनवर उमटायला सांगतो. ... हं.

वहिनी : काय आलं?

धाकटा : रोमन अक्षरं आहेत. माझीच. तेव्हा एवढंच जमायचं.

वहिनी : पण लिहिलंय काय?

धाकटा : ‘जागा का?’

आई : बघ.

धाकटा : पुन्हा आलं. ‘जागा का?’ ... पुन्हा. ... वहिनी, मोजा जरा.

वहिनी : चार. पाच. ... सहा. ... सात. ... थांबलं?

धाकटा : थांबलं.

वहिनी : बरं झालं. संपलं असेल.

धाकटा : ते संपायला नको होतं. मोजणी मी लिहिलीच नव्हती. करंटामुळे येत असतं, तर येतच राहिलं असतं. पुन्हा चालू करून बघतो.

वहिनी : किती वेळ घालवणार? पारा बघा, साडेसदतीसवरून सदतीसवर आलाय. हीटर वाढवते.

धाकटा : वाढवा. ... एक. दोन. ... पाच. सहा. सात. ... थांबलं. पुन्हा सातच.

वहिनी : तुमचा चेहरा असा का झालाय?

धाकटा : चावी द्या आतल्या खोलीची.

(तिघं आतल्या खोलीच्या दाराशी.)

वहिनी : थांबा, कुलूप जड आहे. दोन महिन्यांत उघडलं नाही. चावी माझ्या कमरेला असते, रात्रीसुद्धा. ... हं, निघालं. आई, उंबरा आहे, पाय उचला.

धाकटा : टॉर्च इकडे. डबी ही. मागचं झाकण उघडतो. ... रिकामी आहे.

वहिनी : सांगितलं ना मी.

धाकटा : वायर मात्र घट्ट आहे. बाकी काही नाही. ना करंट, ना सेल. डबी मेलेली आहे वहिनी. ही बोलूच शकत नाही.

वहिनी : भाऊजी.

धाकटा : आता काय?

वहिनी : गोधडी. कुणी पांघरल्यासारखी पसरलीय. मी घडी करून पायथ्याशी ठेवली होती. उशी वर ठेवली होती. माझ्या हाताने.

धाकटा : आई आली असेल. आई, तू पडतेस का कधी इथे?

आई : कुलुपातून येऊ होय मी? मी काय मुंगी आहे?

धाकटा : मग वहिनी, तुम्हीच विसरला असाल. दोन रात्री झोप नाही तुम्हाला.

वहिनी : मी काय विसरले नि काय नाही ते मला सांगू नका. नवऱ्याची गोधडी कशी ठेवली ते बाई विसरत नाही.

आई : इकडे दे बघू ती. ... पापणीला लावू दे.

वहिनी : आई, नको.

आई : साडेसदतीस.

धाकटा : आई!

आई : बघ लावून. ऊन नाही, गार नाही. डोळ्यावर काही ठेवलंय हेच कळत नाही.

वहिनी : या खोलीला खिडकीसुद्धा नाही हो. ऊन येणार कुठून? भाऊजी, मला इथे थांबायचं नाही. चला. आधी चला इथून.

धाकटा : चला. वायर काढून टाकतो, प्रश्नच मिटला.

वहिनी : यांनी नको म्हटलं होतं.

धाकटा : दादा नाहीये वहिनी! तिकडे साडेचार हजार अंडी आहेत आणि इकडे बिनकामाची एक डबी. तुम्हीच म्हणालात, संध्याकाळी सांभाळणं जमायचं नाही. काढू की नको? पटकन सांगा.

वहिनी : ... काढा. पाप लागलं तर मला लागू दे.

(तिघं परत कॉम्प्युटरपाशी.)

धाकटा : काढली. ही बघा, हातात आहे. आता चालू करतो. साठ. सत्तर. ... चौऱ्याहत्तर. ... चल ना बाबा. ... शहात्तर.

वहिनी : पुढे?

धाकटा : शहात्तर.

वहिनी : आणि ती मागची स्क्रीन?

धाकटा : ‘तिसरं पोर्ट. उपकरण सापडलं. उत्तराची वाट पाहत आहे.’

वहिनी : वायर तुमच्या हातात आहे.

धाकटा : माहीत आहे मला, वायर माझ्या हातात आहे! सेटिंगमध्ये जाऊन पोर्टच बंद करतो. मुळावरच घाव. ... बंद केलं. ... पुन्हा चालू. ... सत्तर. ... पंचाहत्तर. ...

वहिनी : बोला ना.

धाकटा : ‘जागा का?’

आई : वायर काढली म्हणून विचारणारा गप्प बसतो होय रे?

वहिनी : आई, तुम्ही जरा शांत बसता का? भाऊजी, उत्तर देऊन टाका ना. ‘आहे’ म्हणा आणि मोकळे व्हा. डबीला तेवढंच हवंय असं तुम्हीच म्हणालात.

धाकटा : देतो. ‘आहे.’ ... दिलं.

वहिनी : काय म्हणतंय?

धाकटा : ‘जागा का?’ ... ‘जागा का?’ ... पुन्हा सात वेळा. माझं उत्तर त्याने घेतलंच नाही.

वहिनी : आणि पारा छत्तीसवर. सात, सात काय लावलंय? सातचं काय आहे? तुम्हाला ठाऊक आहे, मघापासून बघतेय मी. पहिल्यांदा सात मोजले तेव्हाच तुमच्या तोंडचं पाणी पळालं.

धाकटा : काही नाही.

वहिनी : भाऊजी, बारा वर्षं मी गप्प बसले. लग्न होऊन चार महिने झाले होते मला. एक दिवस सकाळी उठते तर धाकटा दीर घर सोडून गेलेला. का, तर रात्री पाळीवर त्याला झोप लागली, कपाट तापलं, सहाशे अंडी आतल्या आत शिजली. बरं, हे रागावले होते का? छे! मी ऐकलं ना त्यांना, ‘झोप लागली असेल, होतं असं, पुढची खेप घेऊ.’ एवढंच म्हणाले. तरी तुम्ही गेलात. त्यानंतर फोन नाही, पत्र नाही. हे रोज संध्याकाळी त्या आतल्या खोलीत तासभर बसायचे. मला वाटायचं हिशेब करत असतील. मेले तेही त्याच खाटेवर. मला एवढंच सांगा, एवढं प्रेम करणाऱ्या माणसाशी बारा वर्षं बोलू नये, असं काय केलं होतं त्याने?

धाकटा : त्याने काही नाही केलं.

वहिनी : मग?

धाकटा : मला झोप लागली नव्हती.

वहिनी : म्हणजे?

धाकटा : मी जागा होतो, वहिनी. टक्क जागा. त्या दिवशी शहरातून बोलावणं आलं होतं मला, शिकायला येण्याचं. दादा म्हणाला, ही खेप होऊ दे, मग बघू. मला वाटलं, हा मला कधी सोडायचाच नाही. रात्री पाळीवर बसलो. मनात नुसता जाळ. आतून टिक् वाजलं. ‘जागा का?’ मी म्हटलं, विचारू दे. पुन्हा विचारलं. मी हाताची घडी घालून बसलो. कपाटाचा काटा वर चढत होता, तो मला दिसत होता. हात लांब केला असता तर बल्ब बंद झाला असता. नाही केला. सात वेळा विचारलं त्याने. सातही वेळा मी वाचलं. मग थांबला.

वहिनी : देवा.

धाकटा : सकाळी मी वाट बघत होतो, की हा आता मारेल. मारलं असतं तर पाया पडलो असतो, राहिलो असतो. पण तो म्हणाला, झोप लागली असेल, होतं असं. आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात मला सहन झाला नाही. ‘झोप नव्हती लागली’ म्हणायला तोंड उघडेना, आणि ते सांगितल्याशिवाय त्याच्याशी दुसरं काही बोलता येईना. आज सांगू, उद्या सांगू. मग तुमचा फोन आला, दादा गेला म्हणून. सात ही गोष्ट मी जन्मात कुणाला बोललो नाही. हा आकडा माझ्याशिवाय कुणाला ठाऊकच नाही.

आई : थोरल्याला ठाऊक होता.

धाकटा : विचारलं त्यानेच, तेव्हा ठाऊक असणारच. पण मी जागा होतो हे...

आई : तेच सांगतेय. सातव्या वेळेनंतर तो उठून आला होता. अनवाणी. या दाराच्या फटीतून पाहिलं त्याने. तू बसलेला, डोळे उघडे, हाताची घडी. काटा पार टोकाला गेलेला. अंडी तर गेलीच होती. तो तसाच मागे फिरला आणि खाटेवर जाऊन पडला.

वहिनी : आई, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

आई : त्यानेच. वर्षानुवर्षं गेली मधे, मग एकदा बोलला. म्हणाला, आई, तो जागा होता. मी म्हटलं, मग झोप लागली असं का बोललास? तर म्हणाला, मला वाटलं तो आपण होऊन सांगेल. नंतर म्हणाला, मीच चुकलो, मी खोटं बोललो म्हणून त्याला खरं बोलायला जागा उरली नाही. आता तो सांगेपर्यंत मी विचारत राहीन.

धाकटा : आणि तू मला कळवलं नाहीस?

आई : शपथ घातली होती त्याने. म्हणाला, तू सांगितलंस तर ते तुझं होईल, त्याचं नाही व्हायचं. रड. रडून घे. दादासाठी तू रडलाच नव्हतास अजून.

वहिनी : भाऊजी... पाणी घ्या.

धाकटा : नको. थांबा. वायर परत लावतो आधी. बिनवायरीचं नाही बोलायचं मला त्याच्याशी. ... लागली. आता लिहितो.

वहिनी : काय लिहिताय?

धाकटा : ‘दादा, त्या रात्री जागा होतो. सातही वेळा. झोप नव्हती लागली.’ ... पाठवलं.

आई : थांबली बघ टिकटिक.

वहिनी : भाऊजी, ओळ आली. खाली, बघा. मला रोमन नीट लागत नाही. काय आहे? वाचा ना हो!

धाकटा : ‘मग मी झोपतो.’

वहिनी : डबीत हे होतं?

धाकटा : नाही. हे मी कधी लिहिलंच नव्हतं. ती फक्त विचारायची. हे आम्ही तोंडाने म्हणायचो, डब्या यायच्या आधी.

वहिनी : यांना तर कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. चालू आणि बंद, बास.

आई : नका आता उकरत बसू. त्याला झोपू द्या.

वहिनी : पट्टी! भाऊजी, पट्टी बघा!

धाकटा : सत्त्याहत्तर. ... ऐंशी. ... चाललं. हार्डवेअर संपलं, आता डिस्क विचारतंय. पेट्यांच्या वायरी द्या इकडे. ‘हिला दुखवू नये’ आधी.

वहिनी : घ्या. आणि ही दुसरी. किती वेळ लागेल?

धाकटा : अर्धा तास. मग पेट्या चालवणारा प्रोग्रॅम त्यावर चढवायचा, आणि तो नीट चालतोय का ते निदान उद्यापर्यंत बघायला हवं. तोवर हाताने.

वहिनी : उद्यापर्यंत? साडेपाच वाजून गेलेत. तुमची बस.

धाकटा : ट्रे आता कुठल्या बाजूला कलते करायचे?

वहिनी : मघाशी डावीकडे केले होते. आता उजवीकडे. दांडा मधे जरा अडतो, तिथे जोर लावायचा नाही, हलकेच उचलून घ्यायचा. भाऊजी, बस चुकेल.

धाकटा : चुकू दे. पहिली पेटी झाली. आई, हे अंडं बघ.

आई : ... किंचित गार आहे. पण जीव आहे. वाढव थोडा हीटर. हां, बास.

धाकटा : वहिनी, तुम्ही आता पडा. डोळे बघा कसे झालेत, रक्त उतरल्यासारखे.

वहिनी : कुठे पडू? आतल्या खोलीत तर मी मेले तरी जायची नाही.

आई : तिथे नकोच, तिथे तो झोपलाय. माझ्या शेजारी पड, इथेच. ये.

वहिनी : पडते. पण मला काही झोप लागायची नाही, सांगून ठेवते. मधेच हाक मारून विचारीन मी, जागे आहात का म्हणून. उत्तर द्याल ना?

धाकटा : पहिल्या हाकेला देईन.